भोंग्यावर वाढलेली गावं

खडकी म्हटलं की पुस्तकांत 5 नोव्हेंबर 1817 ची लढाई येते. आमच्या घरी मात्र लढाई म्हणजे दुसरं महायुद्ध. आजी सांगायची, लढाईच्या साली दारूगोळ्याच्या कारखान्यात माणसं भरत होती, तेव्हा सांगवी-दापोडीकडची धडधाकट पोरं औत सोडून तिकडे गेली. कारखाना जुनाच, 1869 चा. पण घरटी एक माणूस तिथं लागण्याचे दिवस लढाईनं आणले. लढाई संपली तशी बरीच माणसं कमी केली. परत आलेल्यांचं शेतात मन लागेना. दर महिन्याला पगार येतो हे एकदा पाहिलं की पावसाकडे बघत बसणं जड जातं, असं ती म्हणायची.

तिचं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा. पहिला भोंगा व्हायच्या आत भाकरी फडक्यात बांधलेली असायची. आजोबा उन्हाळ्यात नदी उतरून चालत जायचे, पावसाळ्यात दापोडीच्या पुलावरून वळसा घालून. पुढे सायकल आली आणि पुलावर सकाळी सायकलींची रांग लागू लागली. सुट्टीच्या दिवशी तेच हात मळ्यात मोट हाकायचे. निम्मं गाव वर्षानुवर्षं असं दोन्हीकडे राबलं. उपनगरांच्या इतिहासात या माणसाला जागा मिळालेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग कारखाने येतच राहिले. 1946 ला स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सनं खडकीत कारखाना काढला. 1954 ला पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, 1962 ला एमआयडीसी, पाठोपाठ भोसरी-आकुर्डीचा पट्टा. बाहेरगावचे कामगार आले, पण राहायचे कुठे? खडकीत जागा नव्हती. छावणीची जमीन लष्कराची, बांधकामावर बंधनं. क्वार्टर ज्याला मिळालं त्याला मिळालं, बाकीच्यांनी शेजारची गावं धरली. म्हणून बाजार, चर्च, बरॅकी, झाडं घेऊन खडकी बरीचशी जागच्या जागी राहिली, आणि तिच्या कडेची बोपोडी, दापोडी, सांगवी फुगत गेली.

जमीन कशी गेली, हे थोरले चुलते सांगत. आमची वावरं मुळात कुळानं केलेली. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनानं कुळांना मालक केलं. सातबाऱ्यावर स्वतःचं नाव चढलं तेव्हा पंजोबांनी देवापुढे नारळ फोडला होता. त्याच जमिनीचे पुढच्या पिढीनं गुंठे पाडले. एकराचे चाळीस. लग्न निघालं की दोन गुंठे, दवाखाना लागला की एक. घेणारा बहुधा कारखान्यातलाच सोबती, फंडातून पैसे काढून आलेला. स्टँपपेपरवर सही झाली की पावसाळ्याआधी चार भिंती आणि पत्रा. विकणाऱ्याला लोभी आणि घेणाऱ्याला उपरा म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. दोघांवरही तो अन्याय आहे. दोघांनाही गरज होती आणि नियोजन करणारं कुणी वेळेवर आलं नाही. पिंपरी-चिंचवडला नगरपालिका झाली 1970 ला, महापालिका 1982 ला. तोवर पांदीचे रस्ते होऊन गेले होते, बैलगाडीच्या रुंदीचे. आजही जुन्या सांगवीच्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं.

आजीला प्रत्येक वावराचं नाव पाठ होतं. आता त्या जागी सोसायट्यांची नावं आहेत, आणि सातबाऱ्यावर बहुधा नुसता नंबर मिळतो. कारखान्यांच्या तारखा कागदोपत्री आहेत, त्या कुठे जात नाहीत. वावरांची नावं, नदीचे उतार, कोण कुणाच्या ओळखीनं कारखान्यात लागला, कुणी कुणाला पहिला गुंठा दिला, हे सांगणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. बोपोडी, दापोडी, सांगवीतल्या घरांना माझी विनंती आहे: या दिवाळीला त्यांच्याजवळ वही घेऊन बसा, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.