मोगली एरंडाचे उड्डाण

27 ऑगस्ट 2018 रोजी स्पाइसजेटचे क्यू-400 विमान डेहराडूनहून दिल्लीला गेले. त्याच्या मिश्र इंधनात 25 टक्के वाटा मोगली एरंडाच्या, म्हणजे जट्रोफाच्या, तेलापासून केलेल्या केरोसीनचा होता. भारतातील जैवइंधनावरचे हे पहिले उड्डाण. तेल छत्तीसगडचे, प्रक्रिया डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेची. छायाचित्रे विमानाची छापली गेली. इतिहास मात्र उत्प्रेरकाचा आहे.

वनस्पतिजन्य तेलातील साखळ्यांत बहुधा 16 ते 18 कार्बन अणू असतात, आणि टोकाशी ऑक्सिजन. हायड्रोजनच्या दाबाखाली, तप्त उत्प्रेरकावर हा ऑक्सिजन पाणी आणि कार्बनची ऑक्साइडे होऊन निघून जातो. एवढ्याने विमान उडत नाही. 18 कार्बनची सरळ साखळी, ऑक्टाडेकेन, सुमारे 28 अंश सेल्सिअसलाच गोठते. पुण्याच्या हिवाळ्यातसुद्धा तिचे मेण होईल! जेट इंधन तर उणे 47 अंशांपर्यंत गोठता कामा नये. म्हणून साखळी तोडावी लागते आणि तिला फांद्याही फोडाव्या लागतात, कारण फांद्या असलेले रेणू स्फटिकात नीटसे रचले जात नाहीत. उत्प्रेरकातील धातूची स्थाने हायड्रोजनचे काम पाहतात, तर झिओलाइटसारख्या सच्छिद्र आधारावरील आम्ल स्थाने तोडण्याचे व वळवण्याचे. तोडणे जरा अधिक झाले की हाती नुसता वायू उरतो. हा तोल एकाच टप्प्यात साधणे हे डेहराडूनचे खरे यश. 31 जानेवारी 2020 रोजी हवाई दलाचे एएन-32 विमान 10 टक्के मिश्रणावर लेहला उतरले आणि तेथून उडालेही.

अडले ते शेतात. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर जट्रोफा लावण्याची शिफारस केली. 2009 च्या धोरणाने 2017 पर्यंत 20 टक्के जैवइंधन मिसळण्याचे लक्ष्य ठेवले. डिझेलच्या बाबतीत ते कागदावरच राहिले. कुंपणाला लावलेला मोगली एरंड पाण्यावाचून जगतो खरा, पण जगणे वेगळे आणि भरघोस बी देणे वेगळे. माझ्या मते हा भेद धोरणकर्त्यांनी प्रयोगशाळेपेक्षा शेतकऱ्याला आधी विचारायला हवा होता.

मे 2023 मध्ये पुणे-दिल्ली प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे इंधन मिसळले गेले, तेव्हा मार्ग उलटा होता: अल्कोहोलमधून पाणी काढून आखूड रेणू उत्प्रेरकावर जोडत न्यायचे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 पासून असे 1 टक्का इंधन मिसळण्याचे लक्ष्य आहे. जट्रोफा त्या चर्चेत आता क्वचितच दिसतो.