दहा रुपयांचं तिकीट आणि माझी उत्तरपत्रिका

फेब्रुवारी २०१७. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल मोबाईलवर उघडला आणि एम-थ्रीपुढे २७ दिसले. पास व्हायला ३२ लागत होते. लाप्लासचा अख्खा प्रश्न मी सोडवून आलो होतो, त्यामुळे पहिला विचार आला तो हाच की, पेपर तपासलेलाच नाही.

सुट्टीत गावी आलो. आमचं पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात, बुलडाणा जिल्ह्यात. इथे इंजिनिअरिंगला गेलेल्या पोराचा निकाल त्याच्या घरापुरता राहत नाही. स्टँडवर कुणी विचारलं की मी म्हणायचो, “पेपर पाहिलाच नाही त्यांनी.” समोरचा लगेच मान डोलवायचा. “पाह्यतच नाहीत रे, नुसते गठ्ठे मोजतात.” नापास झालेल्याला गावात एवढी सहानुभूती क्वचितच मिळते. मी ती महिनाभर मनसोक्त घेतली.

गुणपडताळणीचा अर्ज केला होता. उत्तर आलं, ‘बदल नाही’. पडताळणीत फक्त एवढंच बघतात की सगळ्या प्रश्नांना गुण दिलेत का आणि बेरीज बरोबर आहे का. उत्तर बरोबर की चूक, हे त्यात येत नाही. मग एका सीनिअरने सांगितलं, माहितीचा अधिकार वापर. खामगावहून दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणलं, जोडपत्र ‘अ’वर चिकटवलं आणि माझ्याच उत्तरपत्रिकेची प्रत मागितली.

तेव्हा मला कल्पना नव्हती की या दहा रुपयांच्या तिकिटामागे तीस वर्षांचं भांडण आहे, आणि ते सुरू झालं आपल्याच महाराष्ट्रात.

राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची १९७७ची विनियमावली होती. तिच्यातला १०४ क्रमांकाचा नियम म्हणायचा की विद्यार्थ्याला गुणपडताळणी मागता येईल, पण फेरतपासणी नाही आणि उत्तरपत्रिका बघायलाही मिळणार नाही. ती गोपनीय. दहावी-बारावीच्या निकालाने निराश झालेल्या मुलांनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केल्या. एकूण ३९ याचिका होत्या. उच्च न्यायालयाने मुलांचं म्हणणं मानलं आणि उत्तरपत्रिका दाखवायला मनाई करणारा भाग रद्द ठरवला.

मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं. १७ जुलै १९८४ रोजी ‘महाराष्ट्र राज्य मंडळ विरुद्ध परितोष भूपेशकुमार शेठ’ या खटल्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती बालकृष्ण एराडी यांनी लिहिलेल्या या निकालाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. एखाद्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निर्णय देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व. पण ते ताणून प्रत्येक परीक्षार्थीला मूल्यमापनात सामील करून घेता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. परीक्षेला बसणारे लाखोंनी, पुढचे प्रवेश तोंडावर आलेले, निकालाला कुठेतरी शेवट हवा. शिवाय शिक्षणाच्या बाबतीत रोज ते काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या जागी न्यायालयाने आपलं मत बसवू नये.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. पण आता मी अशा सिस्टिमवर काम करतो जिथे रोज लाखो नोंदी येतात, आणि प्रत्येक नोंद प्रत्येकाने उघडून तपासायची म्हटली तर काय होईल ते मला ठाऊक आहे. १९८४ साली झेरॉक्ससुद्धा गल्लोगल्ली नव्हतं. मंडळाची अडचण खोटी नव्हती. प्रश्न एवढाच होता की त्या अडचणीची किंमत कुणी मोजायची. न्यायालयाचं उत्तर होतं, विद्यार्थ्याने.

बंद कपाटावर विश्वास ठेवा, असा त्या निकालाचा अर्थ. पण कपाट नेहमीच विश्वासाला जागतं असं नाही. दोनच वर्षांनी मुंबईतल्या एम.डी.च्या परीक्षेत गुण बदलल्याचा आरोप उच्च न्यायालयात पोहोचला. नापास झालेल्या एका डॉक्टरने याचिका केली होती. न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना पद सोडावं लागलं. परीक्षेच्या गुणांवरून मुख्यमंत्री गेला, हे आज माझ्या टीममधल्या पोरांना सांगितलं तर त्यांना मीम वाटतं.

कपाट उघडलं ते माहितीच्या अधिकाराने. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे लागू झाला. त्याआधी महाराष्ट्रात राज्याचा स्वतःचा कायदा होता, त्यासाठी अण्णा हजारे यांनी उपोषणं केली होती. केंद्राच्या कायद्यात ‘माहिती’च्या व्याख्येत एक छोटा शब्द आहे, ‘मत’. त्याच शब्दाने पुढे मोठं काम केलं.

२००८ साली सीबीएसईची परीक्षा दिलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या उत्तरपत्रिका मागितल्या. मंडळाने नकार दिला. कोलकाता उच्च न्यायालयाने त्या दाखवायला सांगितल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी ‘सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय’ या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की तपासलेली उत्तरपत्रिका म्हणजे परीक्षकाने आपलं मत नोंदवलेला दस्तऐवज, म्हणून ती माहिती आहे आणि ती ज्याची आहे त्याला बघता येईल. १९८४चा निकाल या कायद्याच्या आधीचा. जुने नियम माहितीच्या कायद्याला अडवू शकत नाहीत.

अर्थात मर्यादाही घातल्या. परीक्षकाचं नाव झाकायचं, कारण त्याच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे जपून ठेवण्याची मुदत संपली की हक्कही संपतो. आणि या निकालाने बघण्याचा हक्क दिला, फेरतपासणीचा नाही. नंतर २०१९मध्ये कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संस्थेने आपल्या योजनेत प्रतीसाठी ५०० रुपये ठेवले असले तरी माहितीच्या कायद्याखाली मागणाऱ्याला त्या कायद्याचंच शुल्क लागेल. म्हणजे पानाला दोन रुपये.

मी ३२ पानांचे ६४ रुपये भरले. पाकीट गावच्या पत्त्यावर आलं. त्या दिवशी मी घरीच होतो. ओट्यावर बसून लाप्लासचं पान काढलं. तिसऱ्या ओळीत वजाची खूण मी अधिकची केली होती. पुढचं दीड पान सुबक अक्षरात चुकीचं होतं. परीक्षकाने नेमक्या त्या खुणेभोवती गोल काढला होता आणि तिथपर्यंतचे दोन गुण दिले होते. बेरीज तीन वेळा केली. २७च.

महिनाभर मी गावाला जे सांगत होतो ते खोटं होतं. बाबा शेजारी येऊन बसले. त्यांना लाप्लासमधलं काही कळत नाही. त्यांनी पानं उलटली, लाल शाईच्या खुणा बोटाने मोजल्यासारख्या पाहिल्या आणि म्हणाले, “एवढं सारं तुनंच लिहिलं काय?”

“हो.”

“मंग मास्तरनं वाचलं तं हाय रे सारं.” थोडं थांबून म्हणाले, “आता लोकाले नावं ठेवू नको. बस अभ्यासाले.”

त्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला घेतल्या. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका, अपुरी तयारी. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, ती हुकली. निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावं लागलं. त्या मुलांचा संशय माझ्यासारखा स्टँडवरचा नव्हता, त्याला कारण होतं. पण निकाल आल्याच्या दिवशी त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक होता? दोघांच्याही हातात फक्त आकडा होता. आपल्यावर अन्याय झाला की आपणच वजाची खूण चुकवली, हे आकडा सांगत नाही. ते कळायला पान बघावं लागतं.

एम-थ्री मी पुढच्या परीक्षेत सोडवला. त्या वेळी गुण कमी वाटले नाहीत, म्हणून प्रत मागवली नाही. स्टँडवर मात्र मला सांगावं लागलं की पेपर पाहिला होता, चूक माझीच होती. दोघा-तिघांचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांना वाटलं, विद्यापीठाने मला गप्प केलं असणार. मी घरातून ती ३२ पानं आणली आणि चहाच्या टेबलावर ठेवली.