तळटीप : ‘सामाईक शेगडी’

१४. ‘सामाईक शेगडी’ म्हणजे डिस्ट्रिक्ट हीटिंग, अर्थात घरोघरी बॉयलर न ठेवता एका केंद्रात तापवलेले पाणी जमिनीखालच्या, उष्णतारोधक वेष्टनाच्या नळांतून इमारतींना पुरवून, निवलेले तेच पाणी पुन्हा तापवायला परत आणण्याची पद्धत होय. डेन्मार्कमध्ये १९०३ साली कोपनहेगनलगतच्या फ्रेडरिक्सबर्ग येथे कचरा जाळून एका नव्या रुग्णालयाला ऊब पुरवली गेली. मात्र या पद्धतीचा देशव्यापी विस्तार १९७३ च्या तेलसंकटानंतर, विशेषतः १९७९ च्या उष्णतापुरवठा कायद्यामुळे झाला. इंधन बदलताना हजारो घरांना हात न लावता एकच भट्टी बदलावी लागते, ही तिची मोठी सोय. तथापि कोळशाऐवजी (बहुतांशी आयात केलेल्या) लाकडी गोळ्या जाळण्याला कार्बनमुक्ती म्हणावे काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही.