ओदझुनचे संत योहान : अरब राजवटीतील धर्मपाल

सातव्या शतकात आर्मेनिया अरबांच्या सत्तेखाली गेला. इ. स. ७०५ मध्ये नाखिचेवान येथे अनेक आर्मेनियन सरदारांना देवालयात कोंडून जिवंत जाळण्यात आले. या होरपळीनंतर अवघ्या बारा वर्षांनी, इ. स. ७१७ मध्ये, ओदझुन गावचे योहान ‘कॅथोलिकॉस’ म्हणजे आर्मेनियन ख्रिस्तसभेचे सर्वोच्च धर्माधिकारी झाले. त्यांच्या विद्वत्तेमुळे लोक त्यांना ‘तत्त्वज्ञ’ या उपाधीने ओळखत.

त्यांच्याविषयी एक परंपरागत कथा आर्मेनियन इतिहासकारांनी नोंदवली आहे. खलिफा दुसरे उमर यांच्या भेटीस योहान उंची वस्त्रे लेवून, दाढीत सुवर्णचूर्ण माळून गेले. ‘तुमचे ख्रिस्त तर नम्र होते, मग हा थाट कशाला?’ असे खलिफांनी विचारले. तेव्हा योहानांनी एकांतात वस्त्रे दूर सारून अंगालगतचा बकऱ्याच्या केसांचा खरखरीत अंगरखा दाखवला. बाहेरचा थाट धर्मपदाच्या प्रतिष्ठेसाठी होता, आतले व्रत देवासाठी. प्रभावित झालेल्या खलिफांनी उपासनेचे स्वातंत्र्य आणि धर्मगुरूंना करमाफी दिली, असे ही परंपरा सांगते.

मात्र केवळ राजाश्रयावर ख्रिस्तसभा टिकत नाही, हे योहान जाणून होते. इ. स. ७१९ च्या सुमारास द्विन येथे भरवलेल्या धर्मपरिषदेत त्यांनी ३२ नियम संमत करून घेतले. वेदी आणि स्नानसंस्काराचे कुंड दगडाचे असावे, अशा तपशिलांपर्यंत त्यांत शिस्त घालून दिली होती. जुने धर्मनियम एकत्र करून त्यांनी आर्मेनियन ख्रिस्तसभेची नियमसंहिताही सिद्ध केली. ख्रिस्ताचा मानवी देह हा निव्वळ आभास होता, असे मानणाऱ्यांचे त्यांनी ग्रंथाद्वारे खंडन केले. इ. स. ७२६ मध्ये मान्झिकर्त येथील परिषदेत सिरियन ख्रिस्तसभेशी समेट घडवून आणला. दोन वर्षांनी त्यांचे देहावसान झाले.

इ. स. ४५१ ची खाल्सेदोन परिषद योहानांना मान्य नव्हती. तरीही व्हेनिसजवळील सान लाझारो बेटावरील आर्मेनियन कॅथोलिक मठवासीयांनी १८३४ साली त्यांचे ग्रंथ लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केले. पुढे १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि कॅथोलिकॉस पहिले कारेकिन यांनी ख्रिस्ताविषयीच्या समान श्रद्धेची संयुक्त घोषणा केली.

योहानांच्या हाती ना सैन्य होते ना राज्य. संवाद, शिस्त आणि गुप्त तपश्चर्या ही त्यांची साधने होती. दरबारी वस्त्राआडचा तो खरखरीत अंगरखा म्हणूनच आम्हाला अधिक मोलाचा वाटतो.