एम्बेडेड सिस्टीम

एखाद्या यंत्राच्या आत बसवलेली आणि त्या यंत्राचे नेमून दिलेले काम चालवण्यासाठीच घडवलेली संगणकप्रणाली. टेबलावरच्या संगणकावर वापरणारा हवा तो प्रोग्रॅम चालवतो. एम्बेडेड सिस्टीमचा प्रोग्रॅम यंत्र बनवणाऱ्यानेच आधी भरून दिलेला असतो. वॉशिंग मशीन, लिफ्ट, विजेचा डिजिटल मीटर, मोटारीचे इंजिन, पेसमेकर, मतदानयंत्र ही तिची नेहमीच्या पाहण्यातली उदाहरणे. लहान आकार हे तिचे खरे लक्षण नव्हे. एकच काम आणि ते वेळेत करण्याचे बंधन, या दोन गोष्टींवरून ती ओळखावी.

जासईच्या रस्त्यावरील उदाहरण : रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई हे गाव पनवेलहून न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. बंदर १९८९ साली सुरू झाले आणि या पट्ट्यात कंटेनरच्या ट्रेलरांची वर्दळ वाढली. त्यांतल्या ‘रीफर’ म्हणजे शीतकंटेनरांमध्ये नाशिककडची निर्यातीची द्राक्षे सुमारे ०° से. तापमानात, तर गोठवलेली मासळी −१८° से. किंवा त्याखाली ठेवावी लागते. रस्त्यावर शीतयंत्राला ट्रेलरवरचा डिझेल जनित्रसंच वीज पुरवतो. तापमानावर लक्ष ठेवण्याचे काम कंटेनरच्या शीतयंत्रातील नियंत्रक करतो; एम्बेडेड सिस्टीमचे सगळे मूलभूत घटक त्यात एकत्र सापडतात.

घटक : (१) सेन्सर. बाहेरची स्थिती विजेच्या भाषेत सांगणारा भाग. तापमान वाढले की रोध कमी होणारा थर्मिस्टर यासाठी पुष्कळदा वापरतात. रीफरमध्ये मालाकडे जाणाऱ्या आणि मालावरून परतणाऱ्या, अशा दोन्ही हवा मोजतात. ताजी फळे असली तर सामान्यतः जाणाऱ्या हवेवर नियंत्रण ठेवतात, म्हणजे फळ गोठत नाही. गोठवलेल्या मालासाठी परतणारी हवा प्रमाण मानतात.

(२) रूपांतरक. सेन्सरकडून आलेल्या सलग बदलणाऱ्या व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग. १० बिटांचा रूपांतरक ० ते ५ व्होल्टचे १,०२४ टप्पे पाडतो. एक टप्पा सुमारे ५ मिलिव्होल्टचा.

(३) मायक्रोकंट्रोलर. प्रक्रियक, मेमरी, टायमर आणि जोडणीच्या वाटा एकाच चिपवर असलेला मेंदू. इंटेलच्या १९८० मधील ८०५१ या चिपवर प्रोग्रॅमसाठी ४ किलोबाइट आणि चालू आकडेमोडीसाठी फक्त १२८ बाइट मेमरी होती. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत अनेक पिढ्या याच चिपवर शिकल्या.

(४) मेमरी. वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत प्रोग्रॅम आणि तापमानाची नोंदवही असते. कामापुरते आकडे तात्पुरत्या मेमरीत राहतात. माल खराब निघाला तर वाटेत काय घडले, याचा पुरावा ही नोंदवही देते.

(५) कार्यकारी भाग. कॉम्प्रेसर, पंखे, झडपा आणि बर्फ वितळवणारा हीटर. मायक्रोकंट्रोलरचा क्षीण संकेत त्यांना थेट चालवू शकत नाही. मध्ये रिले किंवा ट्रान्झिस्टर लागतो.

(६) वीजपुरवठा, घड्याळ आणि संपर्क. स्फटिक-घड्याळाच्या ठोक्यावर सूचना पार पडतात. नियंत्रकाला मोडेम जोडला की कंटेनरची अवस्था दुरूनही पाहता येते.

फर्मवेअर : घटकांना कामाला लावणारा प्रोग्रॅम, तो बहुधा सी भाषेत लिहितात. वाचा, तुलना करा, कृती करा, हे चक्र अखंड चालते. ठरवलेल्या तापमानापाशी कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊ नये म्हणून चालू होण्याची आणि बंद होण्याची मर्यादा थोडी वेगळी ठेवतात. प्रोग्रॅम अडकलाच तर ‘वॉचडॉग’ टायमर त्याला नव्याने सुरू करतो. वेळेचे बंधन मात्र कामागणिक बदलते. रीफरमध्ये काही सेकंदांचा उशीर खपतो, मोटारीची एअरबॅग उघडण्यात तो प्राणघातक ठरतो.

इतिहास : या क्षेत्रातला आरंभीचा टप्पा म्हणजे अपोलो यानांचा मार्गदर्शन-संगणक. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरताना त्यावर कामाचा अतिभार झाला. तेव्हा त्याने कमी महत्त्वाची कामे बाजूला टाकून उतरण्याची आकडेमोड चालू ठेवली. १९७१ मध्ये इंटेल ४००४ हा मायक्रोप्रोसेसर आला आणि नियंत्रण स्वस्त झाले. २००५ मध्ये इटलीत सुरू झालेल्या आर्डुइनो बोर्डामुळे हे तंत्र शाळकरी मुलांच्याही हाती आले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था एम्बेडेड सिस्टीम रचनेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवते.

जोडलेपण आणि धोका : २०१६ पासून न्हावा शेव्यात कंटेनरांना रेडिओ टॅग लावून त्यांचा माग ठेवला जाऊ लागला. टॅगमध्ये बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या लहरींवरच तो क्षणभर जागा होऊन आपला क्रमांक सांगतो. अशा जोडणीने माल शोधणे सोपे होते, पण दारेही वाढतात. जून २०१७ मधील नोटपेट्या या सायबर हल्ल्याने न्हावा शेव्यातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. तो हल्ला विंडोज संगणकांवर होता. तरी नियंत्रक जाळ्याला जोडला की तोही अशा हल्ल्याच्या टप्प्यात येतो. वर्षानुवर्षे न बदलणाऱ्या यंत्रात फर्मवेअर सुरक्षितपणे अद्ययावत करण्याची सोय पहिल्या आराखड्यातच ठेवावी लागते.