पात्याचा आकार

कोकणातल्या आमच्या जुन्या घराच्या माजघराला सागवानी दार आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या चौकटीची एक पट्टी वाळवीनं खाल्ली. पट्टी तशी साधी, पण तिच्या कडेला एक गोलाई, गोलाईमागे बारीक खाच आणि मग पुन्हा हलका उतार, असा गलता काढलेला होता. गावातल्या तरुण मेस्त्रींकडे राउटर मशीन होतं आणि बारा बिटांचा डबाही होता. त्यांनी एकेक बिट पट्टीला लावून पाहिलं. एकही जुळेना. शेवटी म्हणाले, "काका, सगळ्याच पट्ट्या बदलून टाकू. एकसारख्या दिसतील."

त्यांचे वडील ओट्यावर बसले होते. ते उठले, करवतीच्या मोडक्या पात्याचा तुकडा शोधला आणि जुन्या पट्टीवर धरून पेन्सिलीनं आकार उतरवला. मग कानशीनं तो घासून काढला. एका लाकडी ठोकळ्याला चीर पाडून त्यात पातं अडकवलं आणि नव्या पट्टीच्या कडेवरून हलक्या हातानं खरवडत गेले. दुपारपर्यंत जुना गलता नव्या लाकडात उतरला होता.

तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न आहे. घराच्या दाराखिडक्यांना कोणता आकार द्यायचा हे ठरवतं कोण? सुतार, घरमालक, की पातं विकणारा?

अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत प्रत्येक गलत्यासाठी वेगळा रंधा लागे. रंध्याचा लाकडी तळ आणि त्यातलं पातं, दोन्ही गलत्याच्या उलट आकाराचे. त्यामुळे चांगल्या सुताराच्या पेटीत असे कितीतरी रंधे असत आणि ते बनवणं हा स्वतंत्र धंदा झाला होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये रेंथम गावी फ्रान्सिस निकोल्सन हा असाच रंधे करणारा होता. त्याच्या पदरी सीझर चेलर नावाचा काळा गुलाम होता, आणि तोही याच कामात तयार झाला. १७५३ साली निकोल्सन वारला. मृत्युपत्रात त्यानं चेलरला मुक्त केलं आणि त्याला काम करायचा बाक, हत्यारं, गलत्याच्या हत्यारांचा एक संच, दहा एकर जमीन आणि आपल्या इमारती लाकडाचा तिसरा हिस्सा दिला.

त्यानंतर चेलर स्वतःचे रंधे करू लागला. त्यांच्या दर्शनी टोकावर तो शिक्का मारी. चेलर, राहणार रेंथम, असा त्याचा अर्थ. कालपर्यंत जो स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होता, त्यानं आपलं नाव आणि गाव लाकडात ठोकून ठेवलं. १७८४ साली तो वारला. त्याचे रंधे आज संग्रहालयांत जपलेले आहेत.

पुढं कारखाने आले. १८९७ साली स्टॅन्ली कंपनीनं ५५ क्रमांकाचा लोखंडी रंधा काढला. एकाच अंगात पन्नासाहून अधिक पाती बदलून बसवता येत. पेटीभर रंध्यांचं काम एकावर आलं. सोय झालीच, पण आकारांची यादी आता कंपनीच्या छापील पुस्तकात होती.

हाती धरायच्या विजेच्या राउटरचा जन्म मात्र पुन्हा एका कारागिराच्या खटपटीतून झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात आर. एल. कार्टर हे लाकडी साचे करत. एका कामाची घाई होती. त्यांनी न्हाव्याचं केस कापायचं विजेचं यंत्र घेतलं आणि त्यातला आट्यांचा दांडा घासून त्याचंच पातं केलं. त्यातून त्यांचा कारखाना उभा राहिला आणि १९२९ साली तो स्टॅन्लीनं विकत घेतला. म्हणजे या यंत्राचं पहिलं बिट बाजारातून आलंच नव्हतं. ते दुसऱ्याच कामाच्या वस्तूतून घासून काढलेलं होतं.

मग ही घासण्याची वाट अडली कुठं? त्याचं उत्तर धातूत आहे. १९२३ साली जर्मनीत कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइडच्या कठीण मिश्रणाचं पेटंट घेतलं. क्रुप कंपनीनं त्याला 'विडिया' हे नाव दिलं. अर्थ, हिऱ्यासारखं. आजच्या बहुतेक बिटांच्या धारेवर याच धातूच्या छोट्या चकत्या डाख देऊन बसवलेल्या असतात. साध्या पोलादापेक्षा ही धार कितीतरी जास्त टिकते. पण तिच्यावर कानस चालत नाही. तिला हिऱ्याची चक्कीच लागते. शिवाय बिट मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेतं. एक बाजू जास्त घासली गेली तर तोल जातो, यंत्र थरथरतं आणि पातं उडून माणसाला इजा होऊ शकते. म्हणून फिरत्या बिटाशी घरच्या घरी खेळू नये.

तुमच्या घरी असा जुना गलता असेल, तर वाटा तीन आहेत. नमुन्याची पट्टी देऊन धार लावणाऱ्या जाणत्या कारखान्यातून बिट करून घ्यावं. किंवा दोन-तीन तयार बिटं एकामागून एक फिरवून आकार जमवावा. आणि काम थोडं असेल तर त्या म्हाताऱ्या मेस्त्रींसारखं हाताचं पातं घासावं. ते फिरत नाही, खरवडतं. चुकलं तर पुन्हा घासता येतं. वेळ मात्र द्यावा लागतो.

राउटरला दोष देण्यात अर्थ नाही. तरुण मेस्त्री त्यावर दिवसाला जेवढं काम उरकतात, तेवढं त्यांच्या वडिलांना आठवड्यातही झालं नसतं. पण डब्यात बारा बिटं आहेत म्हणून जगात बाराच गलते आहेत, असं मानलं की जुनं घर एकेका पट्टीनं पुसलं जातं.

पट्टी ठोकण्याआधी मी म्हाताऱ्या मेस्त्रींना तिच्या मागच्या बाजूला नाव लिहायला सांगितलं. "भिंतीकडं तोंड असणार तिचं, कोण वाचणार?" ते हसले. मी पेन्सिल पुढं केली. त्यांनी सावकाश नाव लिहिलं आणि खाली गावाचंही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)