मार्टिनीतलं कॅमोमाइल

आई इकडे राहायला आली की रात्री तिला कॅमोमाइलचा चहा लागतो. परवा मित्रासाठी ड्राय मार्टिनी करताना मी म्हणालो, "आई, तुझं फूल यातही आहे." ती चमकलीच.

मार्टिनीत जिनबरोबर ड्राय व्हरमूथ असते, म्हणजे वनस्पती मुरवलेली वाइन. हे नाव जर्मन 'वेर्मुट'वरून आलं. ती आपल्या दवण्याच्या कुळातली एक कडू वनस्पती. अशा वाइन पूर्वी औषध म्हणून घेत. १७८६ साली तुरिनमध्ये अंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो यांनी गोड व्हरमूथ विकायला काढली आणि औषधाचं हळूहळू शौकात रूपांतर झालं. एमबीएच्या वर्गात आम्ही याला रीपोझिशनिंग म्हणायचो!

फ्रान्समध्ये जोसेफ न्वाली यांनी १८१३ साली ड्राय व्हरमूथची कृती बसवली. 'न्वाली प्रा'मध्ये आजही कॅमोमाइल, कडू संत्र्याची साल आणि आपल्या श्रीखंडातलं जायफळ असतं. तिची वाइन ओकच्या पिंपांत वर्षभर उघड्यावर, ऊन-वारा खात मुरते.

ऐकून आई म्हणाली, "म्हणजे हे द्राक्षासवच की! तुझे आजोबा जेवणानंतर दोन चमचे घ्यायचे."

"बघ, हर्बल आहे," म्हणत मी दुसरा ग्लास भरायला घेतला. समोर माझी चौदा वर्षांची मुलगी ऐकत होती. आई शांतपणे म्हणाली, "फूल औषधाचं आहे ना? मग मापही औषधाचंच ठेव."

बाटली मी कपाटात ठेवली, आणि चहाचं आधण टाकलं. भेटू पुढच्या भागात!